डोंगर सोपा कीं अवघड ?

भाईंदरच्या खाडीकांठीं उभें राहून ईशान्येकडे पाहिलें, तर मिठागरांच्या आणि नव्या इमारतींच्या पलीकडे डोंगरांची एक निळसर रांग दिसते. कामणदुर्ग त्याच बाजूचा. मीरा-भाईंदर आतां खेडें राहिलेलें नाहीं. १९८५ सालीं तेथें नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि भातशेतीच्या व मिठाच्या जागीं माणसांची दाटी झाली. ज्यांच्या खिडकींतून समोरच्या इमारतीची खिडकीच तेवढी दिसते अशा ह्या शहरांतील तरुण मुलें-मुली रविवारीं पहांटे पाठीवर पिशवी टाकून डोंगर गांठतात, ही आम्हांस आनंदाची गोष्ट वाटते. परंतु डोंगरावरून परत आल्यावर त्यांच्यांत जो एक वाद नेमानें होतो, त्यानें आम्हांस पुष्कळ दिवस विचारांत पाडलें आहे. त्या वादाचा येथें थोडा परामर्श घेण्याचें योजिलें आहे.

मागील हिवाळ्यांत एका रविवारीं सायंकाळीं, वसईहून येणाऱ्या लोकलमध्यें अशीच एक मंडळी आमच्या डब्यांत चढली. सात-आठ जण होते. बुटांवर लाल माती, बाह्यांवर कुसळें, हातांत रिकाम्या बाटल्या. कामणदुर्ग करून ते परत येत होते. गाडीनें नायगांव सोडलें आणि ती खाडीच्या पुलाकडे निघाली, तोंच त्यांच्यांत वाद जुंपला. एक जण म्हणाला, "कामणदुर्गाला कठीण म्हणणें हा सह्याद्रीचा अपमान आहे. ही टेंकडी आहे, टेंकडी !" दुसरा उसळून म्हणाला, "दुपारीं त्या सोंडेवर तुझीच जीभ बाहेर आली होती. तेव्हां नाहीं टेंकडी म्हणालास !" तिसऱ्यानें दोघांची समजूत घालण्यासाठीं डोंगरास 'मध्यम' ठरविण्याची सूचना केली, ती अर्थातच कोणासही रुचली नाहीं. पाणजू बेट मागें पडलें, भाईंदर जवळ आलें, तरी निकाल लागेना.

असे वाद केवळ आमच्याकडेच होतात असें नव्हे. बर्फावरून घसरत जाण्याचा जो स्कीइंग नांवाचा खेळ आहे, त्याच्या उतारांस अमेरिकेंत खुणा दिलेल्या असतात. सोप्यास हिरवें वर्तुळ, मध्यमास निळा चौकोन, अवघडास काळा हिरा. ह्या व्यवस्थेंतील मौज अशी कीं, त्या खुणा त्या त्या डोंगरापुरत्याच असतात. एका डोंगरावर जो उतार काळा ठरला, तो दुसऱ्या उंच डोंगरावर निळा ठरूं शकतो. त्यामुळें परगांवचा पाहुणा येऊन "तुमचा काळा तो आमचा निळा" असें म्हणाला, कीं स्थानिक मंडळींस तें झोंबतें, आणि आपला डोंगर खरोखर किती कठीण आहे ह्याविषयीं ते तावातावानें बोलूं लागतात. बर्फ असो वा मुरूम असो, वाद एकच आहे. तेव्हां ह्या वादाच्या मुळाशीं मनुष्यस्वभावांतील कांहीं तरी सर्वसाधारण गोष्ट असली पाहिजे.

प्रथम हें पाहूं कीं, अवघडपणा हा डोंगराचाच गुण आहे काय ? सामान्यतः लोक तसेंच समजतात. दगड कठीण असतो, पाणी ओलें असतें, तसाच अमुक डोंगर अवघड असतो, ही समजूत. परंतु ह्या गुणाचें माप कोणतें ? उंची म्हणावी, तर कळसूबाई १६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर आहे. तरीही त्याच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, आणि नवरात्रांत देवीच्या दर्शनास म्हाताऱ्या बायाही वर जातात. उलट कामणदुर्गाची उंची दोन हजार फुटांहून थोडीच अधिक. पण कळसूबाईच्या पायथ्याचें बारी गांव मुळांतच सह्याद्रीच्या उंच भूमीवर वसलेलें आहे. कामणची भूमि मात्र जवळजवळ समुद्रसपाटीची. म्हणजे कामणदुर्गाची जेवढी उंची, तेवढी बहुतेक सगळी पायांनींच चढावी लागते. त्यांत कोंकणची दमट हवा, रानांत फुटणाऱ्या फसव्या ढोरवाटा, आणि वर कातळांत खोदलेलीं टाकीं असूनही पिण्याच्या पाण्याचा भरंवसा नाहीं. आंकड्यानें लहान असलेला डोंगर पायांस मोठा वाटतो, त्याचें हें कारण.

बरें, डोंगर तरी एकच असतो काय ? हरिश्चंद्रगड १४२४ मीटर उंच आहे. पाचनईच्या बाजूनें गेलें तर दोन-तीन तासांत सामान्य प्रकृतीचा मनुष्यही देवळापर्यंत पोंचतो. त्याच गडावर बेलपाड्याकडून, कोंकणकड्याच्या कुशींतून नळीच्या वाटेनें जावयाचें म्हटलें, तर मोठमोठ्या धोंड्यांवरून आणि निसरड्या कातळावरून सबंध दिवस झगडावें लागतें, आणि जाणता सोबती नसेल तर न जाणेंच बरें. मग हरिश्चंद्रगड सोपा कीं अवघड ? नांव एक, माथा एक, परंतु चढणाराच्या दृष्टीनें डोंगर दोन. त्यांत श्रावण आणि वैशाख हे भेद मिळविले, म्हणजे दोनाचे चार होतात. पावसाळ्यांत जो कातळ शेवाळानें निसरडा होतो, तोच मार्गशीर्षांत घरच्या पायरीसारखा भरंवशाचा असतो.

शिवाय ह्या अवघडपणांत मनुष्याचा हातही कमी नाहीं. १८१८ नंतर इंग्रजांनीं सह्याद्रींतील अनेक दुर्गांच्या पायऱ्या व दरवाजे सुरुंग लावून उडविले, तें मराठ्यांस पुन्हां तेथें पाय रोवतां येऊं नये म्हणून. आज ज्या किल्ल्यांवर दोर लावल्यावांचून जातां येत नाहीं, त्यांतील कित्येकांवर पूर्वीं शिबंदी, धान्य आणि दारूगोळा नित्य चढत असे. उलटपक्षीं कळसूबाईची शिडी लागण्यापूर्वीं तेथला कातळ हातापायांनींच चढावा लागे. म्हणजे कोठें मनुष्यानें सोपें होतें तें अवघड केलें, कोठें अवघड होतें तें सोपें केलें. अशा स्थितींत अवघडपणा हा डोंगराचा स्वभावसिद्ध गुण आहे असें म्हणवत नाहीं.

मग तो चढणाऱ्याच्या ठिकाणीं असतो काय ? पुष्कळ शहाणे लोक येथें येऊन थांबतात. ते म्हणतात, "ज्याचा त्याचा दम. तुला अवघड, मला सोपा, वाद कशाला?" हें म्हणणें ऐकावयास उदार वाटतें. त्याच्या पुष्टीस उदाहरणेंही मिळतात. ज्या सोंडेवर शहरचा मनुष्य बूट घालून धापा टाकतो, त्याच सोंडेवरून पायथ्याच्या पाड्यांतील वारली बाई डोक्यावर फाट्यांची मोळी घेऊन अनवाणी उतरते. एकच वाट एकीस नित्याची आणि एकास संकटाची, हें खरेंच आहे.

परंतु हें मत शेवटास नेलें, तर त्याचा परिणाम काय होईल तें पाहा. अवघडपणा जर सर्वस्वीं ज्याच्या त्याच्या ठिकाणीं असेल, तर कोणीही कोणास कसलीच सूचना देऊं शकणार नाहीं. पुढें गेलेल्यानें मागून येणाऱ्यास "येथें जपून" म्हणणें निरर्थक ठरेल. वस्तुतः तें निरर्थक नाहीं, हें प्रत्येकास ठाऊक आहे. सुटा दगड सर्वांच्याच पायांखालून निसटतो. शंभर फुटांची दरी नवख्यास आणि निष्णातास सारखाच न्याय देते. आणि त्या मोळीवाल्या बाईस ती वाट सोपी आहे, हें तरी आपणांस कोणीं सांगितलें ? तिची मान दुखत नसेल असें थोडेंच आहे ! तिनें वाटेस सोपें म्हटलेलें नाहीं कीं अवघड म्हटलेलें नाहीं. चूल पेटावयाची म्हणून ती चढते. तिच्या मौनाचा अर्थ आपण आपल्या सोयीनें लावतों, एवढेंच.

आमच्या मतें ह्या वादाचा अर्धा घोंटाळा भाषेचा आहे. 'अवघड' ह्या एका शब्दाखालीं आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतों. पहिली कष्ट, दुसरी कौशल्य, तिसरी धोका. कष्ट हे शरीराचे. ते वय, संवय आणि प्रकृति ह्यांप्रमाणें कमीअधिक होतात. कौशल्य हें शिकण्याचें. तें कालपर्यंत नसेल आणि उद्यां येईल. धोका मात्र ह्या दोहोंहून वेगळा. पाय चुकला तर काय होईल, ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे धोका. पाय चुकण्याचा संभव प्रत्येकाचा निराळा असेल. पण चुकल्यावर खालीं काय आहे, तें पाहणाऱ्यावर अवलंबून नाहीं.

ही विभागणी लक्षांत ठेविली म्हणजे पुष्कळ वाद आपोआप मिटतात. कळसूबाईस कष्ट फार, कौशल्य थोडें, आणि वाट सोडली नाहीं तर धोकाही थोडा. पनवेलजवळच्या कलावंतीण दुर्गावर कष्ट बेताचे, कौशल्य जेमतेम जिना चढण्याइतकें. परंतु कातळांत कोरलेल्या त्या पायऱ्यांना कठडा नाहीं, आणि बाजूस मोकळें आकाश आहे. तेव्हां तेथें धोका मोठा. नळीच्या वाटेस तिन्ही गोष्टी भरपूर. आमच्या कामणदुर्गास कष्ट बरेच, कौशल्य थोडें, आणि धोका मुख्यतः वाट चुकण्याचा, उन्हाचा व पाणी संपण्याचा. गाडींतील त्या दोघांपैकीं 'टेंकडी' म्हणणारा कौशल्याविषयीं बोलत होता, आणि उसळणारा कष्टांविषयीं. दोघेही खरें बोलत होते. मात्र एकाच गोष्टीविषयीं बोलत नव्हते.

कोणी म्हणेल, मग ह्यांत नीतीचा प्रश्न कोठें आला ? हा तर शब्दांच्या नेमकेपणाचा प्रश्न झाला. आमचें म्हणणें असें कीं, खरा प्रश्न येथून पुढेंच सुरू होतो. कारण माणसें डोंगरास सोपा किंवा अवघड म्हणतात, तेव्हां तीं पुष्कळदां डोंगराविषयीं बोलतच नसतात.

जो डोंगरास सोपा म्हणतो, तो बहुधा डोंगर लहान करून स्वतःची उंची वाढवीत असतो. हें सर्वांस दिसतें, आणि अशा मनुष्यास लोक बढाईखोर म्हणून ओळखतात. परंतु जो डोंगरास अवघड म्हणतो, तो तरी निराळें काय करतो ? डोंगर मोठा ठरला, म्हणजे तो चढून आलेला मीही मोठा ठरलों. त्यांतून तो आपल्या गांवाजवळचा डोंगर असला, म्हणजे अभिमानास आणखी एक पाय फुटतो. एक डोंगरास खालीं ओढतो, दुसरा वर ढकलतो; दोघांनाही शिखरावर स्वतःसच उभें करावयाचें असतें. आम्ही स्वतः ह्या दोन्ही पंगतींस जेवलों आहों, म्हणून हें खात्रीनें सांगतों.

ह्याहून सूक्ष्म असा एक दोष आहे, आणि तो बढाईखोर नसलेल्या सज्जनांतही आढळतो. तो म्हणजे विस्मरणाचा. 'दुरून डोंगर साजरे' अशी आपली म्हण आहे. अंतरामुळें कांटे-कुंटे दिसत नाहींत, म्हणून डोंगर साजरा दिसतो, हें आपल्या पूर्वजांनीं ओळखलें होतें. पण दूर असणें हें केवळ पायथ्याआधींचें नसतें. डोंगर चढून, उतरून, घरीं येऊन वर्ष लोटलें, म्हणजेही डोंगर दूर जातो आणि पुन्हां साजरा दिसूं लागतो. पहिल्या दिवशीं गुडघे कसे कांपले, कोणत्या कातळाशीं आपण दहा मिनिटें घुटमळलों, कोणीं हात दिला, हें सारें पुसलें जातें; उरतो तो एक गुळगुळीत शब्द, 'सोपा'. येणें झालें कीं न येण्याची आठवण राहत नाहीं. गणिताच्या मास्तरांस मुलाची अडचण समजत नाहीं, तीही ह्याच कारणानें.

ह्या विस्मरणाची किंमत दुसऱ्यानें कशी मोजली, तें आम्हीं एकदां डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमचे एक स्नेही होते. वय पंचेचाळिसाच्या आसपास, नोकरी बैठी, स्वभाव हौशी. त्यांनीं एका ऑक्टोबरांत आम्हांस विचारलें, "कामणदुर्ग मला जमेल का हो ?" आम्हीं बेफिकीरपणें उत्तर दिलें, "अहो, अगदीं सोपा आहे. चला !" आम्ही त्यापूर्वीं तीनदां गेलों होतों, आणि तिन्ही वेळां डिसेंबर-जानेवारींत. ऑक्टोबरचें ऊन आमच्या हिशेबांत नव्हतें. अकराच्या सुमारास त्यांचें पाणी संपलें, मग आमचें संपलें. ते थांबूं म्हणेनात, कारण आम्हीं डोंगर सोपा म्हणून सांगितला होता आणि सोप्या डोंगरावर थांबावयाची त्यांना लाज वाटत होती. माथ्याच्या अलीकडे त्यांच्या पायांत गोळे आले, डोळ्यांपुढें अंधारी आली, आणि घसाऱ्यावरून चार-पांच हात घसरत जाऊन त्यांचें मनगट मोडलें. पाड्यावरच्या दोन पोरांनीं वर पाणी आणलें आणि खांद्याचा आधार देऊन त्यांना खालीं उतरविलें. अंधार पडतां पडतां आम्ही रस्त्यास लागलों.

पुढें मनगट सांधलें. परंतु ते पुन्हां डोंगरावर गेले नाहींत. आम्हीं एकदां क्षमा मागितली, तेव्हां ते रागावले नाहींत, शांतपणें म्हणाले, "तुम्ही खोटें कांहीं बोललां नाहींत. मीं डोंगराविषयीं विचारलें होतें. तुम्ही स्वतःविषयीं सांगितलेंत." हें वाक्य आमच्या मनांत रुतून बसलें आहे. त्यांचें मनगट तर आम्हीं मोडलेंच, पण त्याहून वाईट म्हणजे त्यांचा डोंगर आम्हीं त्यांच्यापासून हिरावून घेतला.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, शंका आली तर डोंगर अवघड म्हणूनच सांगावा. त्यांत निदान कोणाचें मनगट तरी मोडत नाहीं. आम्हीही कांहीं काळ हेंच धोरण ठेविलें होतें. त्याचाही हिशेब देणें प्राप्त आहे. आमची एक आत्या भाईंदरच्या जुन्या वस्तींत राहत असे. गच्चीवर वाळवण घालतांना तिला ते पलीकडचे डोंगर दिसत, आणि दर वर्षीं एकदां तरी ती म्हणे, "त्या डोंगरावरून आपली खाडी कशी दिसत असेल रे ?" आम्ही म्हणत असूं, "आत्या, तुला तें झेपायचें नाहीं. फार अवघड आहे." ती त्या वेळीं साठीची, काटक, रोज डोक्यावरून पाणी आणलेली बाई. तिच्याहून थकलेल्या बायका नवरात्रांत कळसूबाई चढतात, हें आम्हांस ठाऊक होतें. तरी तो विचार मनांत आला नाहीं. हिवाळ्याच्या एखाद्या सकाळीं, भरपूर पाणी घेऊन, थांबत थांबत ती निःसंशय अर्धा डोंगर तरी चढली असती, आणि अर्ध्यावरूनही खाडी दिसते. तिनें पुन्हां विचारणें सोडून दिलें, आणि कांहीं वर्षांनीं ती गेली. मोडलेलें मनगट दिसतें; न घडलेली चढण कोणास दिसत नाहीं. म्हणून 'अवघड' म्हणणाराची चूक जगांत उघडकीस येत नाहीं, एवढाच काय तो फरक.

तात्पर्य, 'सोपा' आणि 'अवघड' हीं केवळ विशेषणें नव्हत. जो जाऊन आला आहे त्यानें, जो अद्याप गेला नाहीं त्यास दिलेलें तें एक प्रकारचें वचन आहे. ऐकणाराकडे पडताळा पाहण्याचें साधन नसतें. तो सांगणाराच्या शब्दावर पाय ठेवतो, आणि पायाखालचा दगड जसा तपासून घ्यावा, तसा हा शब्द त्याला तपासून घेतां येत नाहीं. म्हणून तो शब्द देणाऱ्यावर जबाबदारी येते.

गिर्यारोहणाच्या श्रेणी ठरविणारांसही हें हळूहळू उमगलें असें दिसतें. १९२६ च्या सुमारास वेल्झेनबाख नांवाच्या जर्मन गिर्यारोहकानें कड्यांच्या सहा श्रेणी ठरविल्या. सहावी श्रेणी ही मानवी सामर्थ्याची सीमा, अशी तेव्हां कल्पना होती. पुढें माणसें ती सीमा ओलांडून गेलीं, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती मोजपट्टी वरच्या बाजूस मोकळी सोडावी लागली. कडे बदलले नव्हते. माणसें बदललीं होतीं. ह्यावरून श्रेणी खोट्या ठरतात काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. श्रेणी म्हणजे खडकाचें वजनमाप नव्हे, तसेंच ती एकट्यादुकट्याची लहरही नव्हे. अनेकांनीं जाऊन येऊन, आपसांत पडताळून, मागून येणाऱ्यांसाठीं ठेविलेली ती साक्ष आहे. साक्ष बदलूं शकते. पण ती प्रामाणिकपणें दिलेली असावी लागते.

येथें रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आठवते. कोजागिरीच्या सायंकाळीं गडाचे दरवाजे बंद झाले, खालीं तान्हें मूल राहिलें, म्हणून ती गवळण रात्रीं कडा उतरून गेली, असें सांगतात. आतां कोणी म्हणेल कीं, बाई उतरली त्या अर्थीं कडा सोपाच असला पाहिजे, तर त्यास आपण मूर्ख म्हणूं. आणि कडा अशक्य होता असें म्हणणें तर खोटेंच ठरतें, कारण ती उतरली. 'शक्य' आणि 'सोपें' ह्यांच्यामध्यें केवढी दरी आहे, तें ह्या एका गोष्टीवरून कळतें. आख्यायिका पुढें असें सांगते कीं, महाराजांनीं तिचा गौरव केला आणि त्या जागीं बुरूज बांधविला. त्यांनीं तिच्या पराक्रमास कमी लेखलें नाहीं, आणि कड्याविषयींची खबरही वाया जाऊं दिली नाहीं. एकाच घटनेंत व्यक्तीचा मान आणि डोंगराचें सत्य हीं दोन्ही वेगवेगळीं ओळखणें ह्यास विवेक म्हणावें.

सिंहगडाचीही गोष्ट अशीच. आज पुण्याचे शेंकडों लोक रविवारीं तो चढतात, आणि किती मिनिटांत चढलों ह्याची चर्चा करीत पिठलें-भाकर खातात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे ज्या बाजूनें चढले, ती बाजू निराळी, ती वेळ निराळी, आणि वर वाट पाहणारें निराळें. रविवारच्या वाटेवरून कोणी त्या रात्रीचें मोजमाप करूं लागला, तर आपण त्यास थांबवूं. मात्र शेजाऱ्याच्या, बायकोच्या, हाताखालच्या माणसाच्या बाबतींत आपण हेंच मोजमाप दिवसांतून दहादां करीत असतों. "त्यांत काय आहे ? सगळेच करतात" हें वाक्य परीक्षेस बसलेल्या मुलास, नव्यानें संसार मांडलेल्या मुलीस, दुखण्यांतून उठलेल्या मनुष्यास किती सहज ऐकविलें जातें ! त्यांच्या वाटेचें ऊन कोणत्या महिन्याचें आहे, त्यांच्या बाटलींत पाणी किती उरलें आहे, हें विचारण्याचे आपण श्रम घेत नाहीं. आणि कांहींना "तुला तें झेपायचें नाहीं" म्हणून गच्चीवरच थांबवून ठेवतों.

मग करावें तरी काय ? मौन धरावें काय ? नव्हे. जो जाऊन आला त्यानें बोललेंच पाहिजे. फक्त विशेषणांऐवजीं त्यानें हकीकत सांगावी. कोणत्या महिन्यांत गेलों, किती वाजतां निघालों, पाणी किती लागलें, वाट कोठें फुटते, हात कोठें टेकावे लागले, पाय चुकला असता तर खालीं काय होतें. आणि तेव्हां मी कोण होतों, वय काय, संवय किती, सोबत कोणाची, हेंही सांगावें. एवढें सांगितलें म्हणजे सोपें कीं अवघड हें ऐकणारा स्वतःच ठरवील, आणि तो अधिकार मुळांत त्याचाच आहे.

त्या सायंकाळच्या गाडींतील गोष्ट अपुरी राहिली आहे. भाईंदर स्थानक दिसूं लागलें, मंडळी पिशव्या उचलूं लागली, तेव्हां त्यांतील एक मुलगी, जी सबंध वादांत एक अक्षर बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "पुढच्या वेळीं माझ्या आईला आणायचा विचार आहे. तिचे गुडघे दुखतात. कुठपर्यंत येऊं शकेल ती ?"

क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग ज्यानें टेंकडी म्हटलें होतें तोच म्हणाला, "पहिल्या सपाटीपर्यंत नक्की. तिथें सावलीही आहे. पण त्याच्यापुढें ती मातीची उतरण आहे ना, तिथें मीसुद्धां बसून उतरलों." दुसरा म्हणाला, "सहाला निघायला हवें. आणि पाणी प्रत्येकी तीन बाटल्या." तिसऱ्यानें काठी आणण्याचें कबूल केलें. गाडी थांबली, आणि बोलत बोलतच ते फलाटावर उतरले. वसईपासून डोंगराविषयीं चाललेल्या त्या बोलण्यांत डोंगर आम्हांस आतां कोठें दिसूं लागला होता.